सर्वांत जास्त खपलेला मोबाईल कोणता?

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी भरलेल्या एका विज्ञान प्रश्नमंजूषेत आम्ही तिघे परीक्षक म्हणून बसलो होतो. अंतिम फेरीत एक प्रश्न निघाला : ‘जगात आजवर सर्वांत जास्त खपलेला मोबाईल फोन कोणता?’ ज्या संघाची पाळी होती त्यातील नववीच्या एका मुलीने क्षणभरही न थांबता ‘आयफोन’ असे उत्तर दिले. आमच्या हातातल्या कार्डाच्या मागे ‘नोकिया ११००’ असे छापलेले होते. आम्ही शून्य गुण दिले. तो संघ स्पर्धा दोन गुणांनी हरला.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर ती मुलगी आमच्याकडे आली.

“सर, शंभर कोटी आयफोन विकले गेल्याचं मी वाचलंय. नोकिया ११०० किती विकले गेले?”

“पंचवीस कोटी,” आम्ही सांगितले.

“मग शंभर कोटी जास्त की पंचवीस?”

आम्ही तिला समजावले की आयफोन हे एका फोनचे नाव नाही, ते घराण्याचे नाव आहे. त्या घराण्यात दरवर्षी नवीन फोन जन्माला येतो. तिने मान हलवली. जाता जाता मात्र तिने विचारले, “पण सर, हे मोजलं कोणी?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. परतीच्या एस. टी.मध्ये आम्ही तिघे याच गोष्टीवर बोलत राहिलो. नंतर आकडे जमवले, कागदावर आलेख काढले, आणि ‘खप’ हा साधा वाटणारा शब्द किती निसरडा आहे ते आमच्या ध्यानात आले. ते सारे येथे मांडत आहोत. गणिताच्या तासाला सांख्यिकी शिकवताना याचा उपयोग होईल, असे वाटते.

एक मॉडेल की सारे घराणे?

आधी त्या नोकिया ११०० ची ओळख करून घेऊ. हा फोन २००३ साली बाजारात आला. त्या काळात रंगीत पडद्याचे आणि कॅमेऱ्याचे फोन विकले जाऊ लागले होते. या फोनला दोन्ही नव्हते. पडदा एकरंगी, ९६ × ६५ ठिपक्यांचा. वजन ८६ ग्रॅम. पण माथ्यावर एक छोटी टॉर्च होती. कळफलक एकसंध होता, त्यामुळे कळांच्या फटींतून धूळ आत जात नसे. घामेजल्या किंवा ओल्या हातातून निसटू नये म्हणून कडा खडबडीत ठेवल्या होत्या. एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चाले. भारतात त्याची जाहिरातच मुळी ‘मेड फॉर इंडिया’ अशी झाली. ज्या गावात रात्री वीज जाते तेथे टॉर्च असलेला फोन का खपतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

अर्थात फोन चांगला असणे एवढेच पुरेसे नसते. भारतात मोबाईल सेवेचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या दिवसांत बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात जाई आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. असा फोन खिशात बाळगणे म्हणजे दुसऱ्याने आपल्याला खर्चात पाडण्याची सोय करून ठेवण्यासारखेच होते! २००३ साली आलेले कॉल फुकट झाले, प्रीपेड कार्डे छोट्या रकमेला मिळू लागली, आणि लक्षावधी माणसे आयुष्यातला पहिला फोन घ्यायला दुकानात आली. त्या वेळी काउंटरवर ११०० होता. नोकिया कंपनीचा शंभर कोटीवा फोन २००५ साली विकला गेला, तोही ११०० च होता आणि तो नायजेरियात विकला गेला. भारत, नायजेरिया यांसारख्या देशांतील पहिल्यांदा फोन घेणाऱ्या माणसांनी या फोनला अव्वल नंबर मिळवून दिला.

आता मोजणीकडे वळू. ११०० चा खप २५ कोटी नगांहून अधिक झाला, असा आकडा आहे. २००५ साली त्याच कंपनीचा १११० आला. त्याचाही खप सुमारे २५ कोटींचाच सांगितला जातो. हे दोन फोन भावंडेच म्हणता येतील. दोघांना एक धरले तर बेरीज ५० कोटी, वेगळे धरले तर पहिला व दुसरा क्रमांक. उलट २०१४ साली निघालेले आयफोन ६ आणि ६ प्लस यांचा आकडा नेहमी एकत्र, सुमारे २२ कोटी असा दिला जातो. एकाचा पडदा मोठा, दुसऱ्याचा लहान. त्यांना वेगळे केले तर दोघेही यादीत बरेच खाली घसरतील. आणि आयफोनचे सारे घराणे एक मानले तर जुलै २०१६ मध्येच कंपनीने शंभर कोटींचा आकडा जाहीर केला होता. म्हणजे यादीतला पहिला क्रमांक फोन किती विकले गेले यावर जेवढा ठरतो, तेवढाच ‘एक फोन’ कशाला म्हणायचे यावरही ठरतो.

वर्गात हे पटवायला सोपे उदाहरण आहे. ‘महाराष्ट्रात सर्वांत जास्त कोणता आंबा पिकतो?’ या प्रश्नात हापूस ही एक जात धरायची, की देवगड व रत्नागिरी वेगळे धरायचे? रायवळ आंब्याला एक जात म्हणायचे का? मुले यावर तासभर वाद घालतील. घालू द्यावा.

मोजतो कोण?

कारखान्यातून फोन निघतो, कंपनीच्या गोदामातून घाऊक वितरकाकडे जातो, तेथून दुकानात आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात. मोजणारा या वाटेवर कोठे उभा आहे, यावर आकडा बदलतो. कंपन्या सहसा गोदामातून बाहेर पाठवलेला माल मोजतात. आयडीसी ही बाजाराचा अभ्यास करणारी संस्था पाठवलेल्या मालाचा अंदाज देते. गार्टनर ही दुसरी संस्था गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलेल्या फोनांचा अंदाज देत असे. दुकानांच्या फळ्यांवर माल तुंबला की या दोन आकड्यांत अंतर पडते.

२०१० सालचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्या वर्षी जगात किती फोन खपले? गार्टनरने सांगितले १६० कोटी. आयडीसीने सांगितले १३९ कोटी. फरक २१ कोटींचा, म्हणजे नोकिया ११०० चा जवळजवळ सारा जन्मभराचा खप दोन संस्थांच्या एका वर्षाच्या फरकात बसतो! या फरकाचे एक मोठे कारण म्हणजे बिनबिल्ल्याचे फोन. चीनमधील लहानलहान कारखाने तयार चिप विकत घेऊन त्याभोवती फोन बांधत. त्यावर नाव नसे, किंवा नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असे. आपल्याकडे ‘चायना फोन’ या नावाने ते जत्रेतसुद्धा मिळत. मोठा आवाज, दोन सिमकार्डांची सोय, कधीकधी लांब निघणारी अँटेना. यांचा हिशेब कोणत्या कंपनीच्या अहवालात मिळणार? अंदाजच बांधावा लागतो.

फोन ओळखण्याची एक पक्की खूण मात्र आहे. आपल्या फोनवर *#०६# ही कळ दाबून पाहा. पंधरा अंकी आकडा दिसेल. याला आयएमईआय क्रमांक म्हणतात. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. यातील पहिले आठ अंक फोनचा प्रकार सांगतात, पुढचे सहा त्या नगाचा अनुक्रमांक, आणि शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर लिहिले आहेत की नाही हे तपासण्यासाठी. आता विद्यार्थ्यांना एक उदाहरण घाला. अनुक्रमांकाला सहाच अंक आहेत, म्हणजे ०००००० ते ९९९९९९ असे १० लाख नग एका आठ अंकी प्रकार-क्रमांकात मावतात. मग २५ कोटी फोनांना किमान किती प्रकार-क्रमांक लागले असतील? उत्तर २५०. ज्याला आपण ‘एक मॉडेल’ म्हणतो ते मोबाईलच्या जाळ्याला किमान २५० वेगवेगळ्या नावांनी दिसत असणार.

चायना फोनांतील पुष्कळांना हा क्रमांकच नसे, किंवा हजारो फोनांना एकच क्रमांक असे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००९ च्या नोव्हेंबरअखेर भारतात अशा फोनांची सेवा बंद करण्याचा आदेश लागू झाला. दुकानात जाऊन जुन्या फोनमध्ये अधिकृत क्रमांक बसवून घेण्याची सोयही तेव्हा काढली होती. ‘हे मोजलं कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच असे द्यावे लागते : नामांकित फोन त्यांच्या कंपन्यांनी मोजले, उरलेल्यांचा अंदाज अभ्यास-संस्थांनी बांधला, आणि काही फोन असे होते की ज्यांना कोणीच मोजले नाही.

दरवर्षीचा खप

एकेका मॉडेलचा विचार येथे थांबवू आणि सगळ्या फोनांचा मिळून वर्षाचा खप पाहू. पुढील आकडे गार्टनरचे असून कोटींमध्ये, पूर्णांकात आणून दिले आहेत.

२००० – ४१
२००१ – ४०
२००२ – ४२
२००३ – ५२
२००४ – ६७
२००५ – ८२
२००६ – ९९
२००७ – ११५
२००८ – १२२
२००९ – १२१
२०१० – १६०
२०११ – १७७
२०१२ – १७५
२०१३ – १८१

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना स्तंभालेख काढायला सांगा. चौदा स्तंभांत तीन जागी स्तंभ आदल्या वर्षापेक्षा किंचित आखूड झालेला दिसेल : २००१, २००९ आणि २०१२. २०१० चा स्तंभ एकदम उंचावलेला दिसेल, पण त्याचे काही श्रेय मोजणीच्या पद्धतीला आहे हे आपण पाहिलेच.

या तक्त्यावरून आमच्या ‘विजेत्या’ फोनचे एक गुपित उघडे पडते. २००३ ते २००८ या सहा वर्षांची बेरीज करा. ५३७ कोटी येते. त्यात ११०० चे २५ कोटी. भागाकार केला तर पाच टक्क्यांहूनही कमी! त्याची विक्री त्यानंतरही थोडीफार चालू होती असे धरले, तर छेद आणखी मोठा होईल आणि टक्केवारी आणखी घसरेल. जगातला सर्वांत लोकप्रिय फोन ज्या वर्षांत विकला जात होता त्या वर्षांत शंभरांपैकी पंचाण्णव गिऱ्हाइकांनी दुसराच कुठला तरी फोन घेतला. ‘सर्वांत जास्त’ आणि ‘बहुतेकांनी’ या दोन गोष्टी मुले हटकून एकच समजतात. मोठी माणसेही समजतात. निवडणुकीच्या निकालांनंतरच्या गप्पा ऐकाव्यात.

पण आम्हाला जास्त विचार करायला लावला तो २००१ च्या आखूड स्तंभाने. त्या वर्षी लोकांनी मोबाईल वापरणे कमी केले होते का? मुळीच नाही. उलट पुढच्याच वर्षी, २००२ साली, जगातील मोबाईल जोडण्यांची संख्या तारेच्या टेलिफोनांपेक्षा जास्त झाली. मग वापर वाढत असताना खप का घटला? गोदामांत आदल्या वर्षीचा माल पडून होता हे एक कारण. पण दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते समजून घ्यायला आपण एक गाव वसवू.

हजार माणसांचे गाव

समजा, एका गावात हजार माणसे आहेत आणि आज कोणाकडेही मोबाईल नाही. पहिल्या वर्षी २० जण धाडस करून फोन घेतात. त्यांचे पाहून दुसऱ्या वर्षी ६० जण. मग १६०, नंतर २६०. पाचव्या वर्षी पुन्हा २६०. आता फोन नसलेली माणसे थोडीच उरली, म्हणून सहाव्या वर्षी १६०, मग ६० आणि आठव्या वर्षी उरलेले २०. बेरीज करून पाहा, बरोबर हजार येते. आठ वर्षांत सारे गाव फोनवाले झाले.

आणखी एक गोष्ट गृहीत धरू : प्रत्येक फोन तीन वर्षे चालतो आणि मग माणूस तो बदलून नवा घेतो. म्हणजे पहिल्या वर्षीचे २० जण चौथ्या वर्षी पुन्हा दुकानात येतील. त्या वर्षीचा खप २६० नवे अधिक २० जुने, म्हणजे २८०. अशा रीतीने दुकानदाराची वही तयार करता येईल :

वर्षाचा खप : २०, ६०, १६०, २८०, ३२०, ३२०, ३४०, ३४०, ३२०, ३४०, ३४०, ३२० …

वर्षअखेर फोन असलेली माणसे : २०, ८०, २४०, ५००, ७६०, ९२०, ९८०, १०००, १०००, १००० …

मुलांनी हे दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. माणसांचा आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा सावकाश सुरू होतो, मध्ये उभा चढतो आणि वर जाऊन आडवा होतो. जीवशास्त्रात बरणीतल्या माश्यांची किंवा दुधातल्या जीवाणूंची वाढ शिकवताना आपण हाच आलेख काढतो. खपाचा आलेख मात्र त्याच्या आधीच, पाचव्या वर्षी, सपाट होऊ लागतो. पाचव्या आणि सहाव्या वर्षी खप सारखाच आहे, ३२०. वर्तमानपत्रात बातमी येईल : ‘मोबाईलचा बाजार थंडावला.’ पण त्याच सहाव्या वर्षी गावातले फोनवाले ७६० चे ९२० झाले. बाजार थंडावला आणि वापर वाढला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक हौदात नळाने येणारे पाणी सांगते, दुसरी हौदातली पातळी.

साधारण असेच काहीसे २००१ मध्ये पश्चिम युरोपात घडले. तेथे बहुतेक प्रौढांकडे फोन येऊन गेला होता. पहिल्यांदा घेणारे संपत आले आणि सेवा कंपन्यांनी फोनच्या किमतीत दिलेली सूटही आखडती घेतली. पुढे २००३ नंतर स्तंभ भराभर उंच झाले, कारण आता फोन नव्या गावांत पोहोचला होता. भारतातील मोबाईल जोडण्या मार्च २००५ मध्ये ५.२ कोटी होत्या, मार्च २००८ मध्ये २६ कोटी आणि मार्च २०११ मध्ये ८१ कोटी. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर भारत तेव्हा चौथ्या-पाचव्या वर्षात होता.

येथे थांबून एक सावधगिरीची सूचना. जोडण्या म्हणजे माणसे नव्हेत आणि फोनही नव्हेत. एका माणसाकडे दोन सिमकार्डे असतात. कुठल्याशा योजनेत फुकट मिळालेले तिसरे पाकिटात पडून असते. भारतातील जोडण्यांचा आकडा जून २०१२ मध्ये ९३ कोटींवर गेला होता आणि मार्च २०१३ मध्ये तो ८७ कोटींच्या खाली आला. नऊ महिन्यांत सहा कोटी माणसांनी मोबाईल टाकून दिले काय? तसे काही नाही. कंपन्यांनी न वापरलेल्या जोडण्या यादीतून काढून टाकल्या, एवढेच. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरमार्फत जाळ्यात आपली हजेरी लावतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, या हजेरीवरून चालू जोडण्यांचा वेगळा आकडा देते. तो नेहमीच एकूण आकड्यापेक्षा कमी असतो. शाळेचा पट आणि हजेरी यांतला फरक शिक्षकांना आम्ही काय सांगावा?

फोन जास्त टिकला तर?

आता आपल्या गावात एकच बदल करू. नवव्या वर्षानंतर गावात एक हुशार दुरुस्तीवाला आला. तो बॅटरी बदलून देतो, फुटलेली काच बसवतो. त्यामुळे फोन तीनऐवजी चार वर्षे चालू लागला. लोकसंख्या तीच, प्रत्येकाच्या हातात फोन तसाच. पूर्वी वर्षाला सरासरी १००० ÷ ३ म्हणजे सुमारे ३३३ फोन खपत होते. आता १००० ÷ ४ म्हणजे २५०. खप पंचवीस टक्क्यांनी घसरला! दुकानदार कपाळाला हात लावील, कारखान्याचे शेअर पडतील. गावाचे मात्र काहीच बिघडले नाही. उलट प्रत्येकाचे पैसे वाचले.

जगात हे घडताना आपण पाहिले आहे. २००७ साली एकूण ११५ कोटी फोनांत स्मार्टफोन सुमारे १२ कोटी होते. २०१३ मध्ये १८१ कोटींत ९७ कोटी, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याहून अधिक. आयडीसीच्या हिशेबाने स्मार्टफोनचा खप २०१६ मध्ये १४७ कोटी होता. त्यानंतर तो कलत गेला आणि २०२३ मध्ये ११७ कोटींवर आला. २०२४ मध्ये थोडा सावरून १२४ कोटी झाला. या काळात स्मार्टफोन वापरणारी माणसे कमी झाली असे कोणीच म्हणणार नाही. नवे फोन जुन्यांपेक्षा फारसे वेगळे राहिले नाहीत, महाग झाले, आणि लोक ते अधिक वर्षे वापरू लागले. शिवाय एकाने वापरलेला फोन दुरुस्त होऊन दुसऱ्याला विकला जातो. त्या विक्रीची नोंद नव्या फोनांच्या खपात होत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आयफोनच्या कंपनीने यापुढे किती नग विकले हे जाहीर करणार नाही, असे सांगितले. नगांच्या आकड्यावरून धंद्याची प्रकृती कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. यात सोय किती आणि सत्य किती हे वाचकांनी ठरवावे. आम्हाला वाटते दोन्ही आहे.

युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून फोनचे आयुष्य वाढवणारे नियमच लागू केले. फोनचे सुटे भाग, ते मॉडेल विकणे बंद झाल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत आणि बॅटरीने ८०० वेळा भरून रिकामी झाल्यावरही मूळ क्षमतेच्या निदान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, अशी त्यातील कलमे आहेत. हे नियम यशस्वी झाले तर तेथला खप कमी होईल. तेव्हा ‘मोबाईलचा बाजार कोसळला’ असा मथळा दिसला तर मुलांना तो कापून वहीत चिकटवायला सांगा.

आणि येथे ‘सर्वांत लोकप्रिय’ या शब्दाची आणखी एक गंमत कळते. समजा, दोन फोन सारख्याच लोकांच्या हातांत आहेत. त्यांतला एक दोन वर्षांत मोडतो, दुसरा सहा वर्षे चालतो. दोन्हीकडची माणसे दर वेळी तोच फोन पुन्हा घेत राहिली, तर खपाच्या यादीत पहिला फोन तिप्पट लोकप्रिय ठरेल. नोकिया ११०० च्या बाबतीत हे उलटे लक्षात घ्यावे लागते. तो मजबूत होता, हातातून पडला तरी सुटे भाग गोळा करून बसवला की पुन्हा सुरू होई. त्यामुळे तोच तो माणूस तो पुन्हा पुन्हा विकत घेत होता असे नाही. त्याच्या २५ कोटींत वेगवेगळी माणसे किती, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

घरातली गणती

हे सारे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी चार प्रश्न विचारावेत. घरात आजवर एकूण किती फोन विकत घेतले? त्यांपैकी आज किती वापरात आहेत? किती कपाटात, फडताळात, खणात पडून आहेत? किती दुसऱ्याला दिले, बदल्यात दिले किंवा भंगारात घातले? पहिली संख्या म्हणजे त्या घरापुरता संचित खप. दुसरी म्हणजे हौदातली पातळी. आजी-आजोबांना विचारले तर पहिला फोन कोणत्या साली घेतला तेही कळेल आणि वर्गाचा स्वतःचा ‘एस’ आकाराचा आलेख काढता येईल. एक काळजी घ्यावी : कोणाच्या घरी किती महाग फोन आहे हे विचारू नये, आणि तक्ता भरताना नावे लिहू नयेत. घरोघरची परिस्थिती सारखी नसते.

आम्ही आमच्या प्रश्नमंजूषेतले कार्ड बदलले आहे. आता प्रश्न असा आहे : ‘ज्याच्या एकाच मॉडेलचे सुमारे २५ कोटी नग खपले असे सांगितले जाते, असा एक फोन सांगा.’ नोकिया ११०० आणि १११० ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरतो. त्या मुलीच्या संघाचे दोन गुण परत देण्याची वेळ निघून गेली होती. तिच्या शाळेच्या पत्त्यावर आम्ही पत्र पाठवले आणि तिचे उत्तर चूक नव्हते, प्रश्नच अपुरा होता, असे कबूल केले. सोबत वरचे चार प्रश्नही लिहून दिले.

महिन्याभराने उत्तर आले. पाकिटात तिच्या वर्गाने केलेल्या गणतीचा तक्ता होता. आम्ही दिलेल्या चार स्तंभांची बेरीज-वजाबाकी जुळत नव्हती म्हणून मुलांनी पाचवा स्तंभ वाढवला होता. त्याला नाव दिले होते : ‘सापडत नाही’.